चिरंजीवांचं वय

आमच्या चिरंजीवांना एकाच वेळी चार वयं आहेत. शेजारच्या काकूंची कुंडी फुटली की ते 'लहान आहे हो अजून' इतक्या वयाचे असतात. त्यानंतर पाचच मिनिटांनी हातून दूध सांडलं की 'एवढा घोडा झालास' इतके मोठे होतात. शाळेच्या दृष्टीने ते कायमचे चार दिवसांनी लहान आहेत. आणि महानगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर त्यांचा जन्म ४ जानेवारी २०२१ चा आहे. यांतलं खरं वय कोणतं, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. तो एका थीम पार्कच्या सहलीने पाडला.

वास्तविक हा प्रश्न मला पडायचं काहीच कारण नव्हतं. मी बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काम तेच आहे, फक्त सही करताना खाली हुद्दा लिहायला जागा पुरत नाही. तर सांगायचं म्हणजे, माणसाच्या वयाचा पुरावा मागणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. सुकन्या समृद्धीचं खातं काढायला आलेल्या बापाला मी विचारतो, "मुलगी दहाच्या आतली आहे ना? दाखला आणा." साठी पूर्ण झाल्याच्या दिवशी सकाळी दहा वाजता काही गृहस्थ ठेवीवर वाढीव व्याज घ्यायला माझ्यासमोर उभे असतात, घरात औक्षण व्हायच्या आधी ते बँकेत येतात. त्यांचाही दाखला मी पाहतो. आणि नोव्हेंबर महिन्यात तर मी याच्याही पुढची पायरी गाठतो. पेन्शनर समोर उभा असतो, खोकत असतो, माझ्याशी भांडत असतो, आणि मी त्याच्याकडे तो जिवंत असल्याचा दाखला मागतो.

गेल्या नोव्हेंबरात एक आजी आल्या होत्या. नवऱ्यामागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन घेतात. त्यांचा अंगठा काही केल्या यंत्रावर उमटेना. जन्मभर दुसऱ्यांची धुणीभांडी करून अंगठ्यावरच्या रेषाच पुसल्या होत्या. मी म्हणालो, "आजी, यंत्र तुम्हाला ओळखत नाही." आजी म्हणाल्या, "मी तरी त्याला कुठं ओळखते? तू ओळखतोस ना मला?" ओळखत होतो. गेली अकरा वर्षं ओळखत होतो. पण माझ्या ओळखण्याला नियमात रकाना नाही. शेवटी कागदी फॉर्म भरून घेतला आणि काम झालं. नियम तो नियम, असं म्हणून मी पुढचा टोकन नंबर पुकारला. त्या अंगठ्याची मला पुन्हा आठवण यायची होती, पण ती नंतर. आधी सहल.

सहलीचा हट्ट आमच्या कन्येचा. वय अकरा वर्षं आठ महिने. तिच्या वर्गातली सगळी मुलं म्हणे थीम पार्कला जाऊन आली होती आणि 'आपणच तेवढे राहिलो' होतो. मध्यमवर्गीय माणसाला जगात कुठेही ओढून न्यायला हे एक वाक्य पुरतं. २७ डिसेंबर २०२५ ही तारीख ठरली. चौथा शनिवार, त्यामुळे बँकेला सुटी. पण तेवढ्यात शाखेत तपासणी निघाली, तिला तिमाही अखेर येऊन मिळाली, आणि सहल पुढच्या चौथ्या शनिवारवर, म्हणजे २४ जानेवारी २०२६ वर गेली. पाठोपाठ रविवार आणि सोमवारी प्रजासत्ताक दिन. दुखरे पाय चेपायला दोन दिवस मोकळे, म्हणून मी खूश होतो.

सौ. खूश नव्हती.

"अहो, मधे चार जानेवारी येते," ती म्हणाली.

"मग? वाढदिवस घरीच करू की."

"वाढदिवसाचं नाही म्हणत मी. डिसेंबरात गेलो असतो तर एस.टी.ला त्याचं तिकीट लागलं नसतं. आता पाच पूर्ण होतील. हाफ लागेल."

मी बी.कॉम. आहे, पण घरातलं खरं हिशोबखातं कोण सांभाळतं हे तुमच्या लक्षात आलंच असेल. एस.टी.ला पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही, पाच ते बारा हाफ. आमच्या चिरंजीवांनी ती रेषा ओलांडायला नेमका हाच महिना गाठला होता.

या पोराचं आणि रेषांचं वैर जुनं आहे. नर्सरीत घालायची वेळ आली तेव्हा शाळेने सांगितलं, ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण हवीत. याचा जन्म ४ जानेवारीचा. चार दिवस कमी! आम्ही बाईंना विनवलं, की चार दिवसांत पोर असं काय शिकणार आहे जे त्याला आत्ता येत नाही? बाई म्हणाल्या, "ऑनलाइन फॉर्म तारीखच घेत नाही." यंत्र ओळखत नाही म्हणजे काय, ते तेव्हा काउंटरच्या दुसऱ्या बाजूने पाहिलं. चार दिवसांपायी पोर एक वर्ष घरी बसलं. त्या वर्षी सौ. डॉक्टरांवर चिडली होती. त्यांनी सुटीच्या आत मोकळं केलं असतं तर बरं झालं असतं, असं तिचं म्हणणं. म्हणजे शाळेच्या दारात आम्हाला पोर चार दिवसांनी मोठं हवं होतं आणि एस.टी.च्या दारात तीन आठवड्यांनी लहान. पोर बिचारं जन्मलं त्याच दिवशी जन्मलं होतं.

सहलीची बातमी अमेरिकेतल्या मेहुण्यापर्यंत गेली. तो फ्लॉरिडात असतो आणि त्यामुळे थीम पार्क या विषयावर स्वतःला अधिकारी समजतो. फोनवर म्हणाला, "भाऊजी, आमच्याकडे डिस्ने वर्ल्डला तीन वर्षांखाली तिकीट नाही, तीन ते नऊ मुलांचं, आणि दहाव्या वर्षी पोर मोठ्या माणसांत." हे डिस्ने वर्ल्ड १९७१ साली उघडलं. तेव्हापासून तिथल्या किती पोरांची जीभ दाराशी येताच 'दोन' म्हणायला वळली असेल, देव जाणे. मेहुण्याची स्वतःची कथा याहून न्यारी. विमानात दोन वर्षांखालचं पोर आईच्या मांडीवर बसून जाऊ शकतं. त्याची मुलगी भारतात येताना एक वर्ष अकरा महिन्यांची होती. दुसरा वाढदिवस आमच्याकडेच झाला. त्यामुळे पोरगी आली मांडीवरून आणि गेली स्वतंत्र खुर्चीतून. त्या खुर्चीच्या तिकिटाचा आकडा ऐकला तेव्हा मला कळलं, की वाढदिवसाला तो केक इतक्या गंभीरपणे का कापत होता.

"अहो, तो परदेशातला नियम पाळतो," सौ. म्हणाली, "आपल्याला तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. पोर अंगाने बारीक आहे. चार म्हटलं तर कोणालाही पटेल."

मी गप्प बसलो. एखाद्या गोष्टीला 'हो' म्हणायचं नसेल आणि 'नाही' म्हणायचं धाडस नसेल, तर नवऱ्याच्या जातीला एवढंच करता येतं. तरीसुद्धा माझ्यातला कारकून स्वस्थ बसला नाही. मी एक फाईल केली. त्यात दोन्ही मुलांचे जन्मदाखले, प्लॅस्टिकच्या वेष्टणात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच पुरावा. आमची दोन्ही त्याआधीची, म्हणून जोडीला आधारकार्डं. चिरंजीवांचं आधार निळं. पाच वर्षांखालच्यांना निळं कार्ड मिळतं; त्यात बोटांचे ठसे नसतात, कारण त्या वयात बोटं स्थिर नसतात. पाच पूर्ण झाली की केंद्रावर जाऊन ठसे द्यायचे. म्हणजे खोटं बोलायला निघालेला माणूस खऱ्याचे सगळे पुरावे बरोबर घेऊन निघाला होता. असा गुन्हेगार पोलिसांनासुद्धा क्वचितच मिळत असेल.

सहलीला अप्पाही येणार होते. अप्पा म्हणजे आमचे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांच्या वयाची कथा ऐकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

अप्पांची जन्मतारीख १ जून १९५०. आता १ जून म्हटल्याबरोबर अर्धे वाचक गालात हसले असतील, कारण त्यांच्या घरातही एकतरी १ जून असणार. आमच्या शाखेतल्या पेन्शनरांचे वाढदिवस काढले तर वाटेल, की त्या काळी महाराष्ट्रात पोरं फक्त १ जूनलाच जन्माला येत. खरी गोष्ट अशी, की शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराच्या जन्माची नोंद कुठे नसायची, आणि मास्तर आपल्या हाताने एक सोयीची तारीख टाकून मोकळे व्हायचे. आमच्या आजीला तारीख ठाऊक नव्हती. तिला एवढंच ठाऊक होतं, की देशात पहिली निवडणूक झाली, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात, श्रावण सरताना अप्पा झाले. म्हणजे १९५१ चा ऑगस्ट. पण १९५६ च्या जूनमध्ये आजीला मजुरीला जायचं होतं, थोरला भाऊ शाळेत जात होता, तेव्हा धाकट्यालाही त्याच्याबरोबर डांबून टाका, असं ती मास्तरांना म्हणाली. मास्तरांनी सहा वर्षं पूर्ण दाखवायला १ जून १९५० लिहिलं. एक ओळ. दौतीत टाक बुडवून, एका दमात.

त्या ओळीने अप्पांना शाळेत काही त्रास दिला नाही. नोकरीत लागतानाही नाही. बावन्न वर्षं ती ओळ गप्प बसून होती. मग अठ्ठावन्न पूर्ण झाल्याचा कागद आला. त्यातही १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मे २००८ ला अप्पा हार घालून घरी आले. खऱ्या वयाच्या पंधरा महिने आधी. माझं लग्न व्हायचं होतं, घराचं कर्ज डोक्यावर होतं, आणि पंधरा महिन्यांचा पगार एका मास्तरांच्या टाकाने खाल्ला होता. अप्पांनी कधी तक्रार केली नाही. फक्त १ जूनला कोणी शुभेच्छा दिल्या की म्हणत, "मास्तरांना द्या. वाढदिवस त्यांचा आहे."

मात्र ऑगस्ट २०२२ मध्ये एस.टी.ने पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना मोफत प्रवास सुरू केला, आणि गेल्या १ जूनला अप्पा कागदोपत्री पंच्याहत्तर झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो वाढदिवस मनापासून साजरा केला.

"अप्पा, खरं तर तुम्ही अजून चौऱ्याहत्तरचे," मी एकदा म्हणालो.

"ऑगस्टपर्यंत वसुली," अप्पा म्हणाले, "ऑगस्टनंतर योजना."

मी बी.कॉम.ला असताना मला इतकी स्वच्छ जमाखर्चाची नोंद कोणी शिकवली नव्हती.

तर २४ जानेवारीला सकाळी आम्ही पाच जण घाट उतरणाऱ्या लाल गाडीत बसलो. कंडक्टर बाई होत्या. हातात तिकिटाचं यंत्र, खांद्याला पिशवी, आणि नजर अशी, की खिशातली नोट किती जुनी आहे तेसुद्धा त्यांना दिसत असावं. मी म्हणालो, "एक फुल." घरातला एकमेव फुल मीच. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट, त्यामुळे सौ. हाफ. कन्या बाराच्या आतली म्हणून हाफ.

"ताई," सौ. पुढे सरसावली, "ही लहान म्हणून हाफ, आणि बाईमाणूस म्हणूनही हाफ. मग हिला हाफचं हाफ नाही का?"

कंडक्टरबाईंनी यंत्रावरचं बोट थांबवलं. सौ.कडे अशा कौतुकाने पाहिलं, की ही बाई महामंडळाच्या कार्यालयात असती तर काय झालं असतं. "नाही हो वहिनी," त्या म्हणाल्या, "मशीनमध्ये तसं बटनच नाही." अप्पांनी आधारकार्ड दाखवलं, त्यांना शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. ते त्यांनी दोनदा वाचून खिशात ठेवलं.

मग बाईंची नजर खिडकीकडे गेली.

"हा केवढा?"

आमच्याकडे घरी तालीम झाली होती. सौ.ने आदल्या रात्री चिरंजीवांना सांगितलं होतं, की गाडीत कोणी विचारलं तर चार म्हणायचं. का, असं त्यांनी विचारलं नव्हतं. आईने सांगितलं, आणि बाबा शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होते. पोराच्या दृष्टीने ठराव एकमताने मंजूर झाला होता.

चिरंजीवांनी हात वर केला. चार बोटं उभी. पाचवा अंगठा त्यांनी तळव्यात दाबून धरला होता. इतका घट्ट, की नख पांढरं झालं होतं. मी त्या अंगठ्याकडे पाहत राहिलो. तीन आठवड्यांपूर्वी याच हाताने त्यांनी बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारावर जाऊन पाची बोटं पसरून दाखवली होती. वॉचमनला दाखवली होती, दूधवाल्याला दाखवली होती, खालच्या कुत्र्यालासुद्धा दाखवली होती.

"चार का? बरं," कंडक्टरबाई म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे वळल्या. फत्ते. सौ.ने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला.

चिरंजीव माझ्या कानाशी आले. त्यांच्या हळू बोलण्याने मागच्या दोन बाकांना सगळं नीट ऐकू येतं. "बाबा," ते म्हणाले, "मग माझा वाढदिवस झालाच नाही का?"

मी म्हणालो, "झाला रे."

"मग मी चार का?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर तीन वडापावांच्या किमतीचं होतं. तेवढेच पैसे वाचले होते. पण ते पोराला सांगता येत नव्हतं. अंगठा अजून मुठीतच होता. त्याला वाटत असावं, की तो बाहेर काढला तर गाडी थांबेल. मला एकाएकी त्या नोव्हेंबरातल्या आजी आठवल्या. त्यांचा अंगठा मला खरा असून चालला नव्हता. पुरावा हवा होता. आणि इथे फाईलभर पुरावे मांडीवर घेऊन मी पोराचा अंगठा लपवत होतो.

"अहो ताई," अप्पांचा आवाज आला. "एक हाफ द्या इकडे. पाच पूर्ण झालीत त्याला. चार जानेवारीला."

कंडक्टरबाई वळल्या. त्यांनी अप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. सौ. चिवड्याच्या डब्यात पाहू लागली. अप्पांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी घातलेली नोट काढली. सबंध गाडीत ज्याला तिकीट नव्हतं तो माणूस तिकिटाचे पैसे देत होता.

"अप्पा, मी देतो," मी म्हणालो.

"राहू दे," अप्पा म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वयाचं खोटं चिकट असतं रे. माझं मास्तरांनी लिहिलं, मला विचारलं नव्हतं. याला आपण म्हणायला लावलं. त्याला उद्या आठवेल."

बाईंनी तिकीट फाडून सरळ चिरंजीवांच्या हातात दिलं. "हे घे. पाच वर्षांच्या माणसाला लागतं. हरवू नकोस, चेकर आला तर दाखवायचं." चिरंजीवांनी तिकीट घ्यायला मूठ उघडली, तेव्हा अंगठा एकदाचा बाहेर आला. पुढच्या सबंध घाटात ते तिकीट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. सौ. थोड्या वेळाने मला म्हणाली, "मी काय फार मोठं सांगितलं होतं का?" मी म्हणालो, "नाही. आणि मी गप्प बसलो होतो." यावर आमचं एकमत झालं आणि चिवडा फिरला.

पार्कच्या दारात मी फाईल काढली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे माझ्या अंगात सत्याचा संचार झाला होता. दोन्ही जन्मदाखले, दोन्ही आधारकार्डं मी खिडकीतून आत सरकवली. आतल्या तरुणाने ती तशीच बाहेर सरकवली.

"वय नाही लागत, काका. उंची. मुलांना तिकडे उभं करा."

बाजूला एक रंगवलेला खांब होता, सेंटिमीटरच्या खुणांचा. एक मीटर चाळीसपर्यंत मुलांचं तिकीट, त्याच्या वर मोठ्यांचं. जन्मदाखला देणारं सगळं सरकार एकीकडे आणि हा खांब एकीकडे. खरं म्हणजे ही पद्धत वाईट नाही. खांबाला कोणी 'चार सांग' म्हणून पढवू शकत नाही. पण पढवून पाहणारे होते. आमच्या पुढचे एक गृहस्थ मुलाला दबक्या आवाजात "गुडघे, गुडघे" असं म्हणत होते. पोर बिचारं इतकं वाकलं, की तपासणाऱ्या मुलीने विचारलं, "ह्याला बरं नाहीये का?"

चिरंजीव भरले एकशे नऊ. मुलांचं तिकीट, वाद नाही. मग कन्या उभी राहिली. तिने सहलीसाठी डोक्यावर उंच अंबाडा घातला होता. तपासणारी मुलगी म्हणाली, "केस सोडून माप घेऊ हवं तर." सौ. लगबगीने म्हणाली, "सोड गं तो अंबाडा."

"नाही," कन्या म्हणाली. "अंबाड्याशिवायसुद्धा मी तेवढीच आहे. बघा तुम्ही." आणि टाचा टेकवून, मान ताठ करून उभी राहिली. मुलीने अंबाड्यात पट्टी खुपसून डोक्याला टेकवली. एकशे एक्केचाळीस.

जन्मदाखल्यावर लहान, एस.टी.त हाफ, आणि इथे एका सेंटिमीटरने आमची कन्या मोठ्या माणसांत जाऊन बसली. जादा पैसे मोजताना मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा असा फुलला होता, की मी नोटा मोजायच्या विसरलो. मुलं मोठी होतात ती बहुतेक आपण पैसे मोजत असतानाच होतात. सौ.सुद्धा काही बोलली नाही. फक्त कन्येच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि म्हणाली, "अगंबाई, कानापर्यंत आलीस की माझ्या."

आत गेल्यावर चिरंजीवांची कसोटी होती. मोठ्या झुकझुक-उलट्यापालट्या गाडीपाशी लाकडी अस्वल हात आडवा करून उभं होतं. त्या हाताएवढी उंची असेल तरच आत. एकशे वीस. चिरंजीव टाचा उंचावून उभे राहिले, मान ताणली, श्वास रोखला. डोकं अस्वलाच्या काखेतसुद्धा पोचलं नाही. तिथल्या पोऱ्याने नकाराची मान हलवली.

तेव्हा चिरंजीवांनी खिशात हात घातला. चुरगळलेलं एस.टी.चं हाफ तिकीट काढलं, मांडीवर सपाट केलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"मी पाच पूर्ण आहे," ते म्हणाले. "हे बघ. आजोबांनी काढलंय."

माझ्या काखेत प्लॅस्टिकच्या वेष्टणातले चार शासकीय दस्तऐवज होते. त्यांतलं एकही काढावं असं मला वाटलं नाही. त्या पोऱ्याने तिकीट हातात घेतलं, उलटसुलट वाचलं, आणि गंभीरपणे परत दिलं. "बरोबर आहे साहेब. वय एकदम बरोबर आहे. उंची तेवढी पुढच्या वेळी घेऊन या."

चिरंजीवांना ते पटलं. वय मान्य झालं होतं. उंचीचं काय, ती येईल. ते अप्पांचं बोट धरून छोट्या आगगाडीत बसायला गेले. त्या गाडीला वयाची अट नव्हती. पंच्याहत्तरचे, म्हणजे चौऱ्याहत्तरचे अप्पा गुडघे छातीशी घेऊन त्या डब्यात बसले आणि तीन फेऱ्या मारून आले.

फेब्रुवारीत चिरंजीवांना घेऊन आधार केंद्रावर गेलो. पाच पूर्ण झाली, ठसे द्यायचे होते. मी जन्मदाखला पुढे केला. चिरंजीवांनी त्याच्या शेजारी आपलं तिकीट ठेवलं. आजकालच्या यंत्रातली तिकिटं काही दिवसांत पुसट होतात. त्याचा कागद पांढरा पडत चालला होता, 'हाफ' तेवढं कसंबसं वाचता येत होतं.

"किती वर्षांचा रे तू?" तिथल्या बाईंनी सहज विचारलं.

मी काही बोललो नाही. या खेपेला मात्र नवऱ्याच्या जातीमुळे नव्हे.

चिरंजीवांनी हात वर केला आणि पाची बोटं फाकवली. "थांब," बाई हसून म्हणाल्या, "तीच तर हवीत मला," आणि त्यांनी तो हात धरून यंत्राच्या काचेवर ठेवला. अंगठ्याचा ठसा पहिल्याच खेपेला स्वच्छ उमटला.